एका छत्रीवर दोन टीव्ही आणि एक कॉम्प्युटर: निम्मे चॅनेल जातात कुठे?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. गच्चीवर एक छत्री, हॉलमध्ये एक बॉक्स. आईसाठी आतल्या खोलीत टीव्ही घेतला, त्याला दुसरा बॉक्सही रीतसर घेतला. बसवायला आलेल्या मुलाने गच्चीपर्यंत वायर ओढायचा कंटाळा केला, हॉलमधल्या बॉक्सच्या मागेच एका वायरीच्या दोन करणारा स्प्लिटर लावला आणि तिथून आत वायर टाकली. तो घरात होता तोवर दोन्ही टीव्ही झकास चालले. संध्याकाळपासून आईच्या टीव्हीवर काही चॅनेल येतात, काही 'सिग्नल नाही' म्हणतात, आणि कोणते जातील याचा नेम नाही. कधीकधी तर हॉलमधला टीव्ही बंद असतानाही जातात. त्यात तुमच्या मुलाला तेच चॅनेल कॉम्प्युटरवर हवे आहेत, त्याने कॉम्प्युटरात बसवायचं एक कार्डही बघून ठेवलंय. आता बॉक्स बदलावा, छत्री बदलावी की कंपनीच बदलावी, असं तुम्ही विचारताय.

तिन्ही नको. छत्रीच्या दांड्यावर पुढे जो लहरी पकडणारा डबा, म्हणजे एलएनबी, असतो तो दोन तोंडांचा घ्या आणि आईच्या खोलीपासून थेट त्याच्यापर्यंत स्वतंत्र वायर न्या. मी २००६ पासून पुणे-सातारा पट्ट्यात छत्र्या बसवतोय आणि दुसऱ्या टीव्हीच्या तक्रारींत हाच घोळ सगळ्यात जास्त बघितलाय. कॉम्प्युटरचं प्रकरण वेगळं आहे, त्याकडे नंतर येतो.

घोळाचं मूळ केबल टीव्हीच्या सवयीत आहे. केबलवाल्याच्या वायरीत सगळे चॅनेल सदासर्वकाळ वाहत असतात. नळाला टी लावून चार तोट्या काढाव्यात तसं तिथे करता येतं, धार थोडी बारीक होते इतकंच. छत्रीच्या वायरीत मात्र सगळे चॅनेल कधीच एकदम येत नाहीत. तुमचा बॉक्स वर कळवतो की मला चॅनेलचा अमुक गठ्ठा हवा, आणि एलएनबी तेवढाच गठ्ठा खाली सोडतो.

उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. तिथून आपल्याकडे येणाऱ्या लहरी केयू बँडमधल्या, म्हणजे साधारण १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झच्या. इतक्या वरच्या लहरी घरगुती वायरीतून दहा-वीस मीटर न्यायच्या म्हटलं तर वाटेतच विरून जातील. म्हणून एलएनबी त्यांना खाली उतरवतो. त्याचं काम शाळेतल्या वजाबाकीसारखं आहे. समजा चॅनेल ११,०९० मेगाहर्ट्झवर आहे. एलएनबी त्यातून ९,७५० वजा करतो आणि उरलेले १,३४० मेगाहर्ट्झ वायरीत सोडतो. बॉक्सच्या सेटिंगमध्ये ९७५० आणि १०६०० असे दोन आकडे दिसतात ना, ते हेच वजा करायचे आकडे. वायरीतून बॉक्सला ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ एवढीच पट्टी समजते.

उपग्रहवाले जागा वाचवायला एक युक्ती करतात. त्याच पट्टीत काही लहरी उभ्या डोलणाऱ्या सोडतात, काही आडव्या. हवेत त्या एकमेकींना त्रास देत नाहीत, पण दोन्ही एकाच वायरीत घातल्या तर एकावर एक चढून सगळा चिखल होईल. म्हणून एका वेळी एकीलाच प्रवेश. कोणत्या लहरींना, हे बॉक्स वायरीतूनच कळवतो: १३ व्होल्ट पाठवले तर उभ्या, १८ व्होल्ट पाठवले तर आडव्या. ज्या सेवा केयू बँडमधला वरचा पट्टाही वापरतात तिथे बॉक्स त्याच वायरीत २२ किलोहर्ट्झचा एक सूर सोडतो, तो मिळाला की एलएनबी ९,७५० ऐवजी १०,६०० वजा करायला लागतो. म्हणजे एका पातळ काळ्या वायरीत वरून चित्र येतंय, खालून एलएनबीची वीज जातेय आणि तीच वीज निरोपाचंही काम करतेय.

आता तुमच्या घरात काय चाललंय ते बघा. हॉलमधला बॉक्स आडव्या गठ्ठ्यातल्या चॅनेलवर आहे, तो १८ व्होल्ट पाठवतोय. आई उभ्या गठ्ठ्यातली मालिका लावते, तिचा बॉक्स १३ पाठवतो. स्प्लिटरवर दोन्ही भेटतात आणि जास्त व्होल्टवाला जिंकतो. एलएनबीला १८ दिसतात, तो आडव्या लहरी सोडतो, आईच्या बॉक्सला हवं ते मिळत नाही आणि तो 'सिग्नल नाही' म्हणून मोकळा होतो. हॉलमध्ये कुणी चॅनेल बदलून उभ्या गठ्ठ्यात गेलं की आईची मालिका आपोआप परत येते. तुम्हाला नेम दिसत नाही, कारण तो आईच्या खोलीत नसून हॉलमधल्या रिमोटच्या हातात आहे. बसवणाऱ्या मुलाने तपासलं तेव्हा बहुधा दोन्ही टीव्ही एकाच जातीच्या चॅनेलवर होते. त्याची चूक तिथेच झाकली गेली.

आणि टीव्ही बंद असताना? रिमोटचं बटण दाबलं की टीव्ही झोपतो, बॉक्स पूर्ण झोपत नाही. बरेच बॉक्स स्टँडबायमध्येही एलएनबीला वीज देत राहतात, शेवटच्या चॅनेलचे व्होल्ट तसेच धरून. रात्री हॉलमध्ये क्रिकेट बघून सगळे झोपायला गेले आणि ते चॅनेल आडव्या गठ्ठ्यातलं असेल, तर सकाळी आईच्या भजनांच्या चॅनेलवर पाणी. एका घरात आजोबांनी मला शपथेवर सांगितलं होतं की सूनबाई झोपली की त्यांचा टीव्ही बिघडतो. त्यांचं निरीक्षण शंभर टक्के खरं होतं!

दोन तोंडांच्या एलएनबीत, म्हणजे ट्विन एलएनबीत, प्रत्येक तोंडाला आतून स्वतंत्र निवडयंत्र असतं. एका तोंडाला १३ मिळाले, दुसऱ्याला १८, तरी दोघांना हवं ते मिळतं. किंमत काहीशे रुपयांची. उद्या तिसरा टीव्ही जोडायचा विचार असेल तर चार तोंडांचा क्वाड घ्या, उरलेल्या तोंडांवर रबरी टोप्या घट्ट बसवून ठेवा. फक्त खरेदी करताना नाव नीट वाचा. क्वाड वेगळा आणि क्वाट्रो वेगळा. दोघांना चार तोंडं, दिसायला जुळे भाऊ, पण क्वाट्रोचं प्रत्येक तोंड ठरलेलं असतं: एकातून उभ्या-खालच्या, दुसऱ्यातून उभ्या-वरच्या, तसंच आडव्यांचं. तो सोसायटीसाठी असतो. त्याच्या चार वायरी मल्टिस्विच नावाच्या पेटीत जातात आणि ती पेटी आठ, सोळा किंवा त्याहून जास्त घरांना सगळे गठ्ठे पुरवते. एका गिऱ्हाइकाने ऑनलाइन क्वाट्रो मागवून स्वतःच चार बॉक्स जोडले होते. प्रत्येक खोलीत वेगवेगळे चॅनेल दिसत होते आणि घरातले एका चॅनेलसाठी या खोलीतून त्या खोलीत फिरत होते.

स्प्लिटर सरसकट वाईट असतो असं नाही. ज्या सेवेचे सगळे चॅनेल एकाच जातीच्या लहरींवर असतात तिथे दोन्ही बॉक्स कायम तेच व्होल्ट मागतात, भांडण होतच नाही. पण तिथेही वीज जाऊ देणारा, २१५० मेगाहर्ट्झपर्यंतचा स्प्लिटर लागतो. केबलवाल्याचा स्वस्त स्प्लिटर हजारच्या आसपास दम सोडतो.

एका कंपनीची छत्री दुसऱ्या कंपनीच्या बॉक्सला चालेल का, असं तुम्ही जाता जाता विचारलंय. बहुतेक वेळा नाही, कारण प्रत्येकीचा उपग्रह आकाशात वेगळ्या जागी आहे. टाटा प्ले ८३ अंश पूर्वेला, डिश टीव्ही ९५ ला, एअरटेल १०८.२ ला. दूरदर्शनची मोफत सेवा डीडी फ्री डिश जीसॅट-१५ वर, ९३.५ अंशांवर आहे. पुण्यातून बघितलं तर ८३ चा उपग्रह दक्षिण-आग्नेयेला क्षितिजापासून जवळजवळ ६६ अंश वर असतो, फ्री डिशचा आग्नेयेला साधारण ५९ अंशांवर, आणि १०८.२ चा पार पूर्वेकडे झुकलेला, जेमतेम ४५ अंशांवर. म्हणून शेजारच्या उंच इमारतीमुळे एखादी सेवा मिळत नाही आणि दुसरी सहज मिळते, असं होतं. कंपनी बदलायच्या आधी गच्चीवर उभं राहून पूर्वेकडे काय आहे ते बघावं. इमारत दिसते तरी. झाड फसवतं. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे छत्री बसवली तेव्हा समोरचा शेवगा कमरेइतका होता. तिसऱ्या पावसाळ्यात चॅनेल फाटायला लागले, दोन एलएनबी बदलून झाले, तिसऱ्यांदा मी खाली वाकून एलएनबीच्या रेषेत डोळा लावला तेव्हा शेंगा दिसल्या.

वायरीबद्दल चार शब्द, कारण निम्म्या तक्रारी तिथेच सुटतात. आरजी-६ वायर घ्या, मधली तार तांब्याची असेल तर उत्तम. शंभर मीटरमागे हजार मेगाहर्ट्झला वीसेक डेसिबल जातात, म्हणून वीस-तीस मीटरवर काळजी नाही. मध्ये जोड नको. गच्चीवर टेप गुंडाळून केलेला जोड म्हणजे पहिल्या पावसाची वाट बघणं. पाणी वायरीच्या बाहेरच्या धातूच्या जाळीतून आत झिरपतं, तांबं हिरवं पडतं, रोध वाढतो. मग बॉक्सने पाठवलेले १८ व्होल्ट एलएनबीपर्यंत पोचेतो इतके घसरतात की त्याला ते १३ वाटतात, आणि आडव्या गठ्ठ्याचे सगळे चॅनेल जातात. लक्षण तुमच्यासारखंच, कारण वेगळं: इथे दुसरा टीव्ही नसला तरी तेच चॅनेल कायम जातात. एलएनबीपाशी वायर वरून सरळ आत न घालता खाली एक लोंबता वळसा द्या, म्हणजे थेंब वळशावरून गळून पडतो. पिन लावताना बाहेरच्या जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला टेकला तरी शॉर्ट होतो. नवशिक्यांचे बॉक्स सगळ्यात जास्त इथेच मरतात, म्हणून पिन काढता-घालताना बॉक्सचा प्लग भिंतीतून काढायचा.

दुसरा बॉक्स घ्यायचा नव्हता, एकाच बॉक्सवर दोन टीव्ही चालवायचे असते, तर एचडीएमआय स्प्लिटर लागतो. त्यात दोन्हीकडे एकच चॅनेल दिसतं. आई आणि मुलगा एकच मालिका बघणार असतील तर करा.

आता कॉम्प्युटर.

मुलाने बघितलेलं कार्ड डीव्हीबी-एस२ चं, म्हणजे छत्रीचं प्रक्षेपण घेणारं, असेल. ते खरंच चालतं. एलएनबीची वायर थेट कॉम्प्युटरला लागते, कार्ड बॉक्ससारखेच १३-१८ व्होल्ट पाठवतं, म्हणून त्यालाही एलएनबीचं स्वतंत्र तोंड द्यावं लागतं. पण तुम्ही पैसे भरता ते चॅनेल त्यावर उघडणार नाहीत. सगळं चित्र कार्डापर्यंत पोचतं, पण कुलूप लावलेलं. किल्ली तुमच्या बॉक्समधल्या व्ह्यूइंग कार्डात किंवा चिपमध्ये असते आणि ती त्याच बॉक्सशी बांधलेली असते. व्ह्यूइंग कार्ड काढून दुसरीकडे घालून बघायचा प्रयोग बऱ्याच मुलांनी करून झालाय, उपयोग होत नाही. किल्ली फोडून देतो म्हणणारे भेटतात, ते काम बेकायदा आहे आणि दोन महिन्यांत बंद पडतं.

कार्डाची खरी मजा मोफत चॅनेलवर आहे. त्यासाठी फ्री डिशकडे तोंड केलेली साठ सेंटिमीटरची वेगळी छत्री लावा. कॉम्प्युटरवर टीव्हीहेडएंड किंवा डीव्हीबी व्ह्यूअर नावाचं सॉफ्टवेअर टाका, फ्रिक्वेन्सी भरा, सिम्बल रेट (सेकंदाला किती हजार चिन्हं येतात तो आकडा) २९,५०० भरा आणि शोधा म्हणा. इथे एक गोष्ट बॉक्सवर कधी लक्षात येत नाही ती दिसते. एका फ्रिक्वेन्सीवर एक चॅनेल नसतं, डझन-दीड डझन चॅनेलची मोळी असते. २९,५०० चा सिम्बल रेट आणि तीन-चतुर्थांश दुरुस्ती (चारातला एक बिट चुका सुधारायला) धरली तर त्या मोळीत सेकंदाला सुमारे ४० मेगाबिट येतात. बॉक्स त्यातलं एक चॅनेल उचलतो आणि बाकीचं फेकून देतो. कॉम्प्युटरला फेकायची सक्ती नाही. एकाच कार्डावर तो त्या मोळीतलं एक चॅनेल दाखवेल, दुसरं रेकॉर्ड करेल आणि तिसरं घरच्या नेटवर्कवरून लॅपटॉपला पाठवेल. फक्त तिन्ही चॅनेल एकाच मोळीतले हवेत. दुसऱ्या मोळीतलं हवं असेल तर दुसरा ट्यूनर, आणि त्याला पुन्हा दुसरी वायर.

घरात तीन-चार कॉम्प्युटर आणि फोनवर हेच हवं असेल तर प्रत्येकात कार्ड घालत बसू नका. गच्चीजवळच्या एका जुन्या पीसीत किंवा रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर यूएसबी ट्यूनर लावून टीव्हीहेडएंड चालवा. सॅट-टू-आयपी नावाच्या तयार पेट्याही मिळतात, एसईएस या उपग्रह कंपनीने २०१२ साली ही पद्धत आणली. तिच्यात छत्रीच्या वायरी पेटीपाशीच संपतात आणि पुढे सगळं साध्या लॅनवरून जातं. साध्या चॅनेलला दोन-चार मेगाबिट लागतात, त्यामुळे राउटरला घाम फुटत नाही. तरी पेटीपासून राउटरपर्यंत वायरच टाका. जुन्या वायफायवर थेट प्रक्षेपण चौकोन-चौकोन होऊन फाटतं आणि लोक शिव्या उपग्रहाला देतात.

पैसे भरलेले चॅनेल कॉम्प्युटरवर बघायचे दोनच सरळ रस्ते. एक, कंपनीचं अॅप किंवा वेबसाइट. त्यात तुमच्या छत्रीचा काही संबंध नाही, सगळं इंटरनेटवरून येतं आणि बरंच उशिरा येतं. शेवटच्या षटकात हॉलमधून आरडाओरडा आधी ऐकू येईल आणि मुलाला चेंडू नंतर दिसेल. दोन, बॉक्सच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांतून यूएसबी कॅप्चरमध्ये, म्हणजे ते चित्र कॉम्प्युटरात घेणाऱ्या डबीत. चित्र ५७६ ओळींचं, मऊ, जुन्या टीव्हीसारखं, पण चालतं. एचडीएमआयमधून कॅप्चर करायला गेलात तर बहुतेक वेळा काळा पडदा दिसेल, कारण तिथेही कुलूप असतं. आणि चॅनेल बदलायला मुलाला दर वेळी हॉलमधल्या बॉक्ससमोर रिमोट घेऊन यावं लागेल.

बिलाबद्दल एवढंच. दूरसंचार नियामक ट्रायने २०२० मध्ये नियम केला होता की घरातल्या दुसऱ्या कनेक्शनला नेटवर्क शुल्क (चॅनेलच्या किमतीखेरीजचं जोडणीचं शुल्क) पहिल्याच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येणार नाही. २०२४ मध्ये नेटवर्क शुल्कावरची कमाल मर्यादाच काढली, त्यामुळे आता हे कंपनीवर आहे. दुसऱ्या बॉक्सवर आईला लागतात तेवढेच चॅनेल ठेवता येतात का, हे विचारा. पहिल्या बॉक्सचं पॅक तसंच्या तसं चिकटवायची पद्धत असते.

गच्चीवर चढायच्या आधी पाच मिनिटांची एक परीक्षा घ्या. हॉलमधल्या बॉक्सचा प्लग भिंतीतून काढा. रिमोटने बंद करून चालणार नाही. मग आईच्या टीव्हीवर एकेक चॅनेल फिरवा. सगळे आले तर स्प्लिटरच गुन्हेगार, ट्विन किंवा क्वाड आणून वायर ओढा. ठरावीक निम्मे तरीही गेलेलेच राहिले तर नवीन एलएनबी आणू नका. गच्चीवर जाऊन वायरीतला प्रत्येक जोड उघडा आणि तांबं हिरवं पडलंय का ते बघा. सगळेच गेले तर स्प्लिटरचं आईच्या खोलीकडचं तोंड वीज वर जाऊ देत नाहीये. अशा स्प्लिटरवर त्या तोंडापाशी 'डीसी पास' लिहिलेलं नसतं. तोही काढूनच टाकायचाय.